अर्धा जबडा, अख्खी वंशावळ

(देवगाव रंगारी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय प्राचीन कपींचे जीवाश्म. तो कळवल्यावर संयोजकांपैकी एकाने मला फोनवर सरळ विचारले, "सर, हे आपल्याकडं सापडतं का?" प्रश्न रोखठोक होता, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही. कन्नड तालुक्यातच काय, अख्ख्या महाराष्ट्रात प्राचीन कपीचा एकही जीवाश्म सापडलेला नाही, आणि आपल्या पायाखालच्या खडकात तो सापडणारही नाही. मग तुम्ही मला इथवर बोलावलेत कशाला आणि मी आलो कशाला? कारण तो इथे का नाही, हे कळले की तो जिथे आहे तिथे कसा शोधतात हेही निम्मे कळते. उरलेले निम्मे अवघड आहे. हाड हाती आल्यावर ते वाचायचे कसे? मोठमोठी माणसे अडखळली ती तिथेच.

आधी कपी म्हणजे कोण, ते सांगतो. गौताळ्याच्या जंगलात काळतोंड्या वानरांच्या टोळ्या तुम्ही पाहता, देवळांपाशी लालतोंडी माकडे पाहता. ही दोन्ही कपी नव्हेत. कपीला शेपूट नसते, छाती रुंद असते आणि खांदा सगळ्या बाजूंनी फिरतो, त्यामुळे तो फांदीला लोंबकळू शकतो. गिबन, ओरँगउटान, गोरिला, चिंपांझी आणि बोनोबो हे आजचे कपी. सहावे आपण. भारतात आपल्याला वगळले तर ईशान्येकडच्या जंगलातला हूलॉक गिबन तेवढा उरला आहे. पण एके काळी या उपखंडात कपींची चांगली भरभराट होती.

आता आपल्या जमिनीकडे या. इथल्या कोणत्याही जुन्या विहिरीच्या कठड्यावरून खाली डोकावून पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग पोकळ्यांत पांढऱ्या गारा भरलेला मांजऱ्या, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण, आणि मध्येच कुठे विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा. मांजऱ्या आणि पाषाण हे लाव्हाच्या एकाच थराचे दोन भाग. तांबडा पट्टा म्हणजे एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत झिजलेला आणि मग वरच्या लाव्हाने भाजलेला पृष्ठभाग. असे थरावर थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे पसरले. वेरूळचे कैलास लेणे ज्या दगडात कोरले तो हाच.

कपींचे सर्वांत जुने ज्ञात जीवाश्म पूर्व आफ्रिकेतले आहेत, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे. म्हणजे आपला पाषाण थंड होऊन चार कोटी वर्षे लोटल्यावर पृथ्वीवर कपी आले. लाव्हाच्या पोटात कपी सापडायचा नाही तो यामुळे. मग लाव्हानंतरच्या थरांत का नाही? कारण इथे त्या काळाचे थरच नाहीत. हाड टिकायचे तर ते लवकर गाडले जावे लागते, त्यावर गाळ साचत जावा लागतो. आपले पठार उंच. इथे पाऊस पडला, दगड झिजला आणि माती वाहून गेली. साचले काहीच नाही. कपी त्या काळात इथल्या झाडांवर नांदले असतील किंवा नसतीलही, पुरावा ठेवायला जागा नव्हती. गोदावरी, प्रवरा, मांजरा यांच्या काठी जो जुना गाळ आहे तो अगदी अलीकडचा, फार तर काही लाख वर्षांचा. मधली सहा कोटी वर्षे आपल्या भूमीच्या बखरीतून फाटून गेली आहेत.

हिमालयाच्या पायथ्याशी परिस्थिती नेमकी उलट होती. पर्वत उंच होत होता, नद्या त्याची झीज आणून पायथ्याच्या खोलगट भागात टाकत होत्या, तळ खचत होता आणि पुन्हा गाळ साचत होता. असा पाच-सहा किलोमीटर जाडीचा थर साचला. पुढे हिमालयाच्या रेट्याने तोच गाळ उचलला गेला आणि शिवालिकच्या टेकड्या झाल्या. आज पाकिस्तानातल्या पोटवार पठारापासून जम्मू, हिमाचल, नेपाळपर्यंत त्या पसरल्या आहेत. जीवाश्म शोधणाऱ्यांची ही पंढरी. १८३६ मध्ये बेकर आणि ड्युरंड या इंग्रज अधिकाऱ्यांनी शिवालिकमधल्या माकडाच्या जबड्याची माहिती प्रसिद्ध केली. माणूस, कपी आणि माकडे ज्या मोठ्या गणात येतात त्याचा जगात ओळखला गेलेला हा पहिला जीवाश्म.

शोध घेतात कसा? तुमच्या डोळ्यांपुढे खंदक खणणारे मजूर येत असतील. प्रत्यक्षात पहिले काम पायांचे असते. पावसाळा उलटला की ओघळींनी नवा थर उघडा पडतो. तेव्हा मान खाली घालून उतारावरून चालायचे. सापडतात बहुतेक दात, कारण दातावरचे लुकण शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. हाडे कुरतडली जातात, कुजतात, नदीत गोल गोटे होऊन वाहत जातात, दात उरतो. बारीक दातांसाठी पोत्यांनी माती आणून पाण्यात भिजवून चाळावी लागते. सापडलेला तुकडा नेमका कोणत्या थरातून आला हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात आणि गाळ साचताना त्यातले लोहकण त्या-त्या वेळची दिशा धरून बसतात. खालपासून वरपर्यंतच्या दिशांचा हा क्रम जगाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला की थराचे वय निघते. म्हणून थराची नोंद नसलेला सुंदर दात अभ्यासकाच्या दृष्टीने जवळजवळ मुका असतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आता एका माणसाची ओळख करून देतो, कारण त्याचे आपल्या भागाशी नाते आहे. गाय पिलग्रिम. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तो १९०२ मध्ये रुजू झाला. १९०५ मध्ये त्याने गोदावरीच्या गाळात मिळालेल्या एका प्रचंड लुप्त हत्तीवर निबंध लिहिला. तो हत्ती नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर-मधमेश्वरचा. ज्या नांदूर-मधमेश्वरचे कालव्याचे पाणी आज आपल्या शेजारच्या वैजापूर-गंगापूरकडे येते, तेच हे ठिकाण. पाच वर्षांनी, १९१० मध्ये, याच पिलग्रिमने शिवालिकमधल्या एका कपीला नाव दिले शिवापिथेकस. शिवालिकचा कपी, एवढाच अर्थ. १९१५ मध्ये त्याने आणखी कपी मांडले आणि माणसाच्या उत्पत्तीशी त्यांचा संबंध जोडून पाहिला.

पुढचा अंक १९३२ चा. येल विद्यापीठाच्या मोहिमेत जी. एडवर्ड ल्यूइस नावाचा तरुण विद्यार्थी हिमाचलातल्या बिलासपूर भागात, हरितल्यांगरला आला. तिथे त्याला वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला, उजव्या बाजूचा, थोड्या दातांसह. त्याने १९३४ मध्ये त्याचे नाव ठेवले रामापिथेकस. नावे ठेवण्यात हा गडी उदार होता. ब्रह्मापिथेकस आणि सुग्रीवापिथेकसही त्यानेच ठेवले. कैलास लेण्याच्या भिंतीवर रामायणाचा जो पट कोरला आहे, तो या अमेरिकन मुलाने पाहिला होता की नाही कोण जाणे, पण तिथली बरीच मंडळी त्याने शिवालिकमध्ये आणून बसवली. ल्यूइसचे म्हणणे असे की हा प्राणी माणसाच्या वाटेवरचा आहे. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतले दबदब्याचे मानवशास्त्रज्ञ आलेश हर्डलिच्का यांनी ते साफ झिडकारले. तुकडा कपाटात गेला आणि पाव शतकाहून अधिक काळ तिथेच राहिला.

१९६१ मध्ये येलच्याच एल्विन सायमन्सने तो पुन्हा बाहेर काढला, आणि या वेळी जगाने ऐकले. तीन गोष्टींवर त्याचा भर होता: सुळा लहान, दाढांवरचे लुकण जाड, आणि दातांची कमान माणसासारखी गोलाकार. चिंपांझीच्या दाढांच्या ओळी दोन समांतर रुळांसारख्या असतात, आपल्या मागे फाकत जातात. सायमन्सला रामापिथेकसची कमान फाकलेली दिसली. डेव्हिड पिल्बीम हा तरुण सहकारी त्याला मिळाला, आणि दोघांनी मिळून सिद्धांत पक्का केला. केनियात लुई लीकीला फोर्ट टर्नन इथे जवळपास त्याच काळाचा तसाच जबडा सापडला होता. लीकीने त्याला वेगळे नाव दिले, पण सायमन्सने तोही रामापिथेकसमध्येच धरला. झाले. माणसाचा पहिला पूर्वज ठरला. वय सुमारे १ कोटी ४० लाख वर्षे.

इथे थोडे थांबून हा युक्तिवाद उलगडून पाहू, कारण आजच्या व्याख्यानाचे मर्म यातच आहे. ल्यूइसच्या हाती जबड्याची एक बाजू होती. दोन्ही बाजू जिथे मिळतात ती टाळूची मध्यरेषा त्या तुकड्यात नव्हती. मध्यरेषा नसेल तर दुसरी ओळ किती अंतरावर होती, हे सांगणार कसे? तुकडा हातात धरून थोडा बाहेर वळवा, कमान माणसाची होते. थोडा आत वळवा, कपीची होते. कमानीची पुनर्रचना करणाऱ्याने तुकडा जिकडे वळवला, तिकडे उत्तर वळले. केनियातल्या जबड्यावर १९७३ मध्ये ॲलन वॉकर आणि पीटर अँड्र्यूज यांनी नव्याने काम केले तेव्हा कमान गोल आलीच नाही. पुढे निमुळती, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी आली.

आणि रामापिथेकसला पूर्वज मानणारे नुसत्या कमानीवर थांबले नव्हते. डार्विनपासून एक साखळी चालत आली होती: सुळे लहान म्हणजे लढाई दातांनी होत नाही, दातांनी नाही म्हणजे हातातल्या हत्याराने, हात मोकळे म्हणजे चाल दोन पायांवर. तेव्हा मूठभर दातांवरून रामापिथेकस दोन पायांवर उभा राहिला, हातात दगड आला आणि त्याची चित्रेही निघाली. त्याचे पायाचे हाड तेव्हा कोणाजवळ नव्हते. कमरेचे नव्हते, हाताचेही नव्हते. माझ्या मते ही नुसती घाई नव्हती. पूर्वज कसा असायला हवा ते चित्र आधी डोक्यात तयार होते, आणि जबड्याचा हरवलेला अर्धा भाग त्या चित्रातून भरून काढला गेला. पिल्बीमनेच पुढे प्रांजळपणे लिहिले की पूर्वजांविषयीचे आमचे सिद्धांत बऱ्याचदा त्या काळापेक्षा आमच्याविषयीच जास्त सांगतात.

दुसऱ्या बाजूने धक्का दिला तो रक्ताने. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन हाडांचे जाणकार नव्हते. त्यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची माणूस, चिंपांझी, गोरिला आणि माकडे यांच्यात तुलना केली. एकाच्या अल्ब्युमिनविरुद्ध सशाच्या शरीरात प्रतिद्रव्ये तयार करायची आणि ती दुसऱ्याच्या अल्ब्युमिनवर किती जोराने काम करतात ते मोजायचे. नाते जितके जवळचे तितकी प्रतिक्रिया सारखी. १९६७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: माणूस आणि आफ्रिकी कपी वेगळे होऊन फार तर ५० लाख वर्षे झाली. हे खरे असेल तर १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा रामापिथेकस माणसाचा खास पूर्वज असूच शकत नाही; तो दिसायला कसाही असो. हाडवाल्यांनी रक्तवाल्यांना उडवून लावले. पुढे दहा-बारा वर्षे हा वाद चालला, आणि त्यात सभ्यपणा फारसा नव्हता. आजच्या जनुकीय अभ्यासांनी ५० लाखांचा आकडा मागे ढकलला आहे, पण त्याची दिशा सॅरिच-विल्सन यांचीच राहिली.

निकाल लागला तो हाडानेच. पिल्बीमने पाकिस्तान भूवैज्ञानिक सर्वेक्षणाबरोबर पोटवार पठारावर वर्षानुवर्षे काम केले. तिथे १९८० च्या सुमारास शिवापिथेकसच्या चेहऱ्याचा मोठा भाग हाती आला, खालच्या जबड्यासकट. १९८२ मध्ये त्याचे वर्णन 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात आले. डोळ्यांच्या खोबण्या उंच आणि अरुंद, दोन डोळ्यांमध्ये जागा थोडी, बाजूने पाहिले तर चेहरा आत वळलेला, पुढचे मधले दोन दात मोठे आणि बाजूचे अगदी लहान. हे वर्णन माणसाचे नव्हे, चिंपांझीचेही नव्हे. ते ओरँगउटानचे. आणि रामापिथेकस? त्याचे दात शिवापिथेकसच्या लहान आकाराच्या दातांशी जुळतात. बहुधा ती शिवापिथेकसची मादी. मादीचे सुळे लहान असतातच. ज्या नावावर माणसाची वंशावळ उभी केली होती ते नाव स्वतंत्र प्रजातीचे राहिले नाही. ज्याने सिद्धांत उभारायला हात लावला होता त्याच पिल्बीमने तो मोडला. विद्वत्तेची ही परंपरा मला सिद्धांताहून मोठी वाटते.

आपल्याकडे मात्र हा निकाल पोहोचायचा आहे. दहावी-बारावीच्या पुस्तकांत माणसाच्या गोष्टीच्या आरंभी रामापिथेकस अजून दिसत आला आहे. कधी तो अधिक माणसासारखा म्हणून, कधी पूर्व आफ्रिकेतला कपी म्हणून. तो आफ्रिकेत गेला कसा, ते आता तुम्हाला कळले असेल: सायमन्सने केनियाचा जबडा त्याच नावाखाली धरला होता म्हणून. मुळातला रामापिथेकस हिमाचलातला. समोर बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, परीक्षेत मुले लिहायचे ते लिहोत, पण वर्गात हा धडा शिकवताना १९८२ ची गोष्ट जरूर सांगा.

गोष्ट इथे संपती तर सोपे झाले असते. १९९० मध्ये शिवापिथेकसची दंडाची दोन हाडे प्रसिद्ध झाली आणि पुन्हा गुंता झाला. ओरँगउटान हाताने लोंबकळत जगतो, त्याच्या दंडाचे हाड तसे घडलेले असते. शिवापिथेकसचा दंड मात्र फांद्यांवर चारही पायांनी चालणाऱ्या माकडाच्या दंडाशी जास्त मिळतो. चेहरा म्हणतो ओरँगउटान, दंड म्हणतो तसे नाही. मग काय, चेहऱ्यातले साम्य योगायोगाने दोनदा घडले, की लोंबकळणे ओरँगउटानच्या वंशात नंतर आले? माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते, कारण चेहऱ्यातली इतकी बारीक लक्षणे एकत्र दोनदा जुळून येणे मला अवघड वाटते. पण पहिली बाजू घेणारे जाणकार आहेत आणि ते चुकीचे ठरलेले नाहीत.

हाडाखेरीज आणखी एक साधन आता हाती आले आहे. चीनमधला जायगँटोपिथेकस हा आजवर ज्ञात सर्वांत मोठा कपी. तो जगापुढे आला १९३५ मध्ये, तोही औषधाच्या दुकानातून. हाँगकाँगच्या वैदूंकडे 'ड्रॅगनची हाडे' म्हणून विकायला ठेवलेल्या दातांत फोन कोनिग्सवाल्ड या शास्त्रज्ञाला एक अवाढव्य दाढ दिसली. या कपीचे नाते कोणाशी, यावर ऐंशी वर्षे वाद झाला. २०१९ मध्ये सुमारे १९ लाख वर्षांपूर्वीच्या दाढेच्या लुकणातून प्रथिने काढून वाचता आली, आणि जवळचा नातेवाईक ओरँगउटान ठरला. जायगँटोपिथेकससारख्या एका महाकाय कपीचा खालचा जबडा हरितल्यांगरलाही मिळाला होता. तो गावातल्या माणसाकडून सायमन्स आणि पंजाब विद्यापीठाचे एस. आर. के. चोप्रा यांच्यापर्यंत पोहोचला आणि १९६९ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्याला आता इंडोपिथेकस म्हणतात. मोहिमा विद्यापीठांच्या असतात, पण वर्षाचे बारा महिने त्या मातीत वावरतो तो गावकरीच.

जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यातले रामनगर हे अलीकडचे उदाहरण. २०१५ मध्ये टेकडी चढताना दम खायला थांबलेल्या अभ्यासकांना मातीत काहीतरी चकाकताना दिसले: खालची एक दाढ. अमेरिकेचे ख्रिस्तोफर गिल्बर्ट, चंदीगडचे राजीव पटनाईक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिला कपी रामनगरेन्सिस हे नाव दिले आणि ती गिबनच्या वंशातली, सुमारे १ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीची असल्याचे मांडले. गिबनचा इतिहास एकदम ५० लाख वर्षांनी मागे गेला. २०२२ मध्ये चीनच्या युनानमधल्या जीवाश्मांवर काम करणाऱ्यांनी आक्षेप घेतला की ती दाढ गिबनवंशाची नाही, आजच्या कपींशी दूरचे नाते असलेल्या एका लुप्त गटाची आहे. दाढ एकच, मते दोन. अर्ध्या जबड्याची कथा ऐकलेल्या माणसाने इथे दुसरी दाढ सापडेपर्यंत थांबावे, हे बरे.

आता आपल्या बाजूला येऊ. फार वर्षे असे धरले जाई की उपखंडातले कपी फक्त हिमालयाच्या पायथ्याशीच राहिले. २०१८ मध्ये कच्छमधल्या टप्परहून शिवापिथेकसच्या वरच्या जबड्याचा तुकडा प्रसिद्ध झाला, सुमारे १ कोटी ते १ कोटी १० लाख वर्षांपूर्वीचा. शिवालिकपासून दक्षिणेला तब्बल हजार किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर टप्पर ते देवगाव रंगारी अंतर सहाशेच्या आसपास भरते. महाराष्ट्राला सर्वांत जवळचा प्राचीन कपी तो. कच्छला समुद्राकाठी गाळ साचत होता म्हणून त्याचा पुरावा राहिला. मधल्या मुलखात तशी जंगले होती का, कपी आणखी दक्षिणेला आले होते का, याचे उत्तर आपल्या पाषाणावर मिळणार नाही. पण टप्परचा एक तुकडा एवढे नक्की शिकवतो की 'सापडला नाही' आणि 'नव्हता' या दोन गोष्टींत फरक आहे.

त्याहून जवळ, सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे बारीक जबडे आणि हातापायांची इवलीशी हाडे मिळाली आहेत. ते कपी नव्हेत, कपींच्या कितीतरी आधीचे, हातात मावणारे जीव. पण आपल्याच गणातले. लाव्हा निवून जेमतेम एक कोटी वर्षे झाली असताना ते तिथे होते.

शिवापिथेकस गेला कशाने? पोटवारच्या जुन्या मातीतल्या कार्बनने उत्तर दिले. साधारण ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी तिथल्या वनस्पतींचा प्रकार बदलला. झाडे कमी होत गेली आणि उष्ण प्रदेशातले गवत पसरले. पोटवारच्या थरांत सुमारे ८५ लाख वर्षांपूर्वीनंतर हा कपी दिसत नाही, म्हणजे गवत पुरते पसरण्याच्या थोडा आधीच तो गेला. झाडे विरळ होऊ लागली तशी फळे घटली आणि फळे खाणारा गेला असावा.

माणसाच्या वंशाचा पुरावा आपल्या आसपास आहे का? हो, पण तो कपींच्या मानाने कालपरवाचा. १८६५ च्या सुमारास वाइन या भूवैज्ञानिकाला पैठणजवळच्या मुंगीला, हाडांनी भरलेल्या गोदावरीच्या गोट्यांच्या थरात अकीकाचे एक छिलका-हत्यार मिळाले. मुंगी इथून एका सकाळीत जाऊन यावे इतकी जवळ. त्याच गोदावरीला मिळणाऱ्या प्रवरेच्या काठी, नेवाशाजवळ चिरकी इथे गुडरून कॉर्विनस या जर्मन विदुषीने डेक्कन कॉलेजतर्फे १९६६ ते १९६९ या काळात उत्खनन केले आणि हातकुऱ्हाडींचा मोठा साठा जागच्या जागी मांडून दाखवला. नेवासे आपल्याला ज्ञानेश्वरीमुळे माहीत. प्रवरेच्या मातीत पाय घट्ट केलेली ही बाई पुढे १९७० च्या दशकात इथिओपियात हदारच्या मोहिमेत गेली. हदार म्हणजे १९७४ मध्ये जिथे 'ल्यूसी' हा ३२ लाख वर्षांपूर्वीचा सांगाडा निघाला ते ठिकाण. नंतर तिने नेपाळच्या शिवालिकमध्ये कित्येक वर्षे काढली. आपल्याकडे तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

नर्मदेच्या काठी, मध्य प्रदेशातल्या हथनोऱ्याला ५ डिसेंबर १९८२ रोजी अरुण सोनाकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. आधी ती होमो इरेक्टसची ठरली, नंतर इतरांनी ती पुढच्या टप्प्यावरच्या मानवाची मानली. खालचा जबडा नाही, चेहरा पुरा नाही. मतभेद त्यामुळेच टिकून आहेत. ज्या वर्षी रामापिथेकस माणसाच्या वंशातून बाहेर गेला त्याच वर्षी भारताला आपला पहिला खरा प्राचीन मानव मिळाला, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

आणि अगदी शेजारी, कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यात पाटणे. पाटणादेवीला तुमच्यापैकी बहुतेक जण गेले असतील. तिथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचावर रेघांची नक्षी कोरलेला तुकडा निघाला, साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग, आपल्या सातमाळ्याच्या पायथ्याशी! भारतातल्या अशा कवचांतून हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जनुकीय अवशेषही वाचले, आणि २०१७ मध्ये सिद्ध झाले की तो आफ्रिकेतल्या शहामृगाचाच भाऊबंद.

तर मंडळी, काळ्या पाषाणात कपी शोधू नका. पण गोदावरी, शिवना, प्रवरा, मांजरा यांच्या जुन्या गाळात हत्ती, रानबैल, पाणघोडे यांची हाडे आहेत, हत्यारे आहेत, आणि कधीतरी माणसाचेही हाड असू शकेल. आज तो गाळ शास्त्रज्ञ उकरत नाहीत. वाळूच्या ठेक्यावरची यंत्रे, शेततळी आणि विहिरी उकरतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलेले हाड बांधकामावर पोहोचले की त्याचा थर कायमचा हरवला. म्हणून मागे उभ्या असलेल्या तरुणांना एवढेच सांगतो. दगडासारखे जड झालेले हाड किंवा दात दिसला तर ओढून काढू नका, धुऊ नका, घरी नेऊ नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून मोबाइलवर छायाचित्र घ्या, वरून किती फुटांवर आहे आणि कोणत्या रंगाच्या थरात आहे ते लिहून ठेवा, जागेची खूण करा, आणि आपल्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांमार्फत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. ते येईपर्यंत तेवढ्या जागेवर जेसीबी चालू देऊ नका.